अजिंक्य मल्ल आणि त्यांचा वारसा

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत मल्लांची आणि मुष्टियोद्ध्यांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी वाचक करील, तर त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, ही चर्चा आम्हीं नव्यानें आरंभिलेली नाहीं. विल्यम हॅझ्लिट हा इंग्रजी टीकाकारांतील पहिल्या प्रतीचा; शेक्सपिअरच्या पात्रांवर त्यानें ज्या आस्थेनें लिहिलें, त्याच आस्थेनें १८२१ च्या डिसेंबरांत हंगरफर्डजवळ झालेल्या एका मुष्टियुद्धावर निबंध लिहिला, आणि दोनशें वर्षांनंतर आम्ही तो अजून वर्गांत शिकवितों. आपल्याकडील आधार तर याहून पुष्कळ जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांत मल्लांची वय, शरीर व बळ यांवरून प्रतवारी लाविली आहे. कल्याणी म्हणजे हल्लींचें बसवकल्याण. आमच्या मराठवाड्याच्या अगदीं कुंपणाशीं असलेलें. तेव्हां मल्लांची प्रतवारी लावणें हा आमच्या बाजूचा आठ-नऊ शतकांचा परंपरागत उद्योग आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

हा उद्योग आमच्या सिरसाळ्यांत अद्यापि बंद पडलेला नाहीं. परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हें आमचें गांव. दसरा-दिवाळी झाली कीं येथील बरींच कुटुंबें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांतील साखर-कारखान्यांकडे उसाच्या तोडीस जातात, उन्हाळ्याच्या तोंडीं परततात, आणि येतांना कोल्हापूर-सांगलीकडील कुस्त्यांच्या गोष्टी बरोबर घेऊन येतात. त्यामुळें मैदान तीनशें मैलांवर असलें, तरी त्याची चर्चा आमच्या चहाच्या हॉटेलांत होते. तेथें दोन वृद्ध गृहस्थ नित्य बसतात. एकाचे दैवत गामा. दुसऱ्याचे हरिश्चंद्र बिराजदार. गामाला त्यांपैकीं कोणीच पाहिलेलें नाहीं. बिराजदारांना दुसऱ्यानें पाहिलेलें आहे, आणि त्याचा हाच मुद्दा त्याच्या मतें निर्णायक आहे. हा वाद आम्ही गेलीं पंचवीस वर्षें ऐकत आलों. प्रारंभीं करमणूक म्हणून ऐकत होतों. पुढें एका प्रसंगानें आमच्या लक्षांत आलें कीं, या वादाचा निकाल कसा लागतो यावर कोणाचें तरी बरें-वाईट अवलंबून असतें. तो प्रसंग यथावकाश सांगूं.

प्रथम, मापाचा प्रश्न. अजिंक्य म्हणविणाऱ्या पुरुषाची थोरवी कशानें मोजावी? पाश्चात्त्य देशांत जड वजनाच्या मुष्टियोद्ध्यांविषयीं हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्यांच्याकडे प्रत्येक लढतीची नोंद असल्यामुळें तो आकड्यांनीं मिटेल असें कोणासहि वाटावें. पण तसें होत नाहीं. रॉकी मार्सियानो यानें ४९ लढती दिल्या आणि ४९ जिंकल्या, त्यांपैकीं ४३ प्रतिस्पर्ध्यास लोळवून. आणि १९५६ मध्यें तो अजिंक्यच निवृत्त झाला. केवळ हिशेबानें पाहतां येथेंच चर्चा संपावयास पाहिजे. तथापि, जो लुई अखेरीस त्याच्याकडून पराभूत झाला असतांहि, जाणत्यांचा मोठा वर्ग लुईलाच मार्सियानोच्या वर बसवितो, आणि त्याचें कारण हिशेबांत नसून हिशेबाच्या पाठीमागें आहे. १९५१ सालीं मार्सियानोनें ज्या लुईला पाडलें, तो सदतीस वर्षांचा, कर्जानें गांजलेला, केवळ पैशासाठीं पुन्हां रिंगणांत उतरलेला लुई होता. मार्सियानोच्या वांट्यास त्याचा समवयस्क, त्याच्या तोडीचा शत्रु आलाच नाहीं. यांत त्याचा अपराध कांहींच नाहीं. परंतु एकोणपन्नास ही संख्या वाचल्यावर मनांत जी एक प्रकारची भूक राहते, ती यामुळें.

लुईची गोष्ट वेगळी, तरी तिच्यांतहि हाच पेंच आहे. १९३७ पासून १९४९ पर्यंत तो पदावर होता. पंचवीस वेळां त्यानें तें राखलें. इतक्या नियमितपणें तो प्रतिस्पर्धी लोळवीत असे कीं, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची वर्तमानपत्रें टवाळी करूं लागलीं. दर महिन्यास एक नवा भणंग उभा करतात असें म्हणूं लागलीं. म्हणजे त्याचें सामर्थ्यच त्याच्या सामर्थ्याच्या पुराव्यास खाऊं लागलें. एखाद्याचें वर्चस्व जितकें पूर्ण, तितका त्याचा पुरावा अपुरा, असा हा चमत्कारिक न्याय आहे. लुईला त्यांतून सोडविलें तें एका जर्मन माणसानें. मॅक्स श्मेलिंग यानें १९३६ मध्यें त्याचा पराभव केला, आणि २२ जून १९३८ रोजीं लुईनें त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत जमिनीवर आणलें. तो एक पराभव लुईच्या चरित्रांत नसता, तर त्या १२४ सेकंदांना आज जो अर्थ आहे तो कोठून आला असता? महंमद अली यासहि जो फ्रेझिअरनें १९७१ मध्यें हरविलें, म्हणूनच १९७५ ची मनिला येथील लढत अद्यापि विसरली जात नाहीं. उलट लॅरी होम्स हा बिचारा ४८ लढती ओळीनें जिंकला, १९७८ पासून १९८५ पर्यंत त्यानें राज्य केलें, आणि तरी त्याचें नांव प्रथम कोणाच्या ओठांवर येत नाहीं. तो अलीच्या मागोमाग आला, आणि १९८० मध्यें थकलेल्या, आजारी अलीला त्याला हरवावें लागलें. लोकांनीं त्याला या विजयाची क्षमा केली नाहीं. शेक्सपिअरच्या पाठोपाठ नाटकें लिहिणाऱ्यांचें दुःख ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना होम्सचें दुःख निराळें समजावून सांगावयास नको.

हें झालें पराक्रमाचें माप. वारशाचें माप याहून निराळें आहे, आणि आमचे दोन्ही वृद्ध मित्र येथेंच घोटाळा करतात, असा आमचा त्यांच्यावर आरोप आहे. जॅक जॉन्सनचें उदाहरण घ्यावें. १९०८ मध्यें सिडनी येथें टॉमी बर्न्सला हरवून तो जड वजनाचा पहिला कृष्णवर्णी अजिंक्यवीर झाला, आणि ४ जुलै १९१० रोजीं रेनो येथें, गोऱ्यांची लाज राखण्यासाठीं निवृत्तींतून बोलाविलेल्या जेफ्रीजला त्यानें चारीमुंड्या चीत केलें. त्या रात्रीं अमेरिकेंतील अनेक शहरांत दंगे झाले आणि माणसें मेलीं. पराक्रम म्हणून यास तोड नाहीं. पण १९१५ मध्यें जॉन्सन हरल्यावर तें पद पुन्हां कृष्णवर्णीयाच्या हातीं गेलें तें १९३७ मध्यें, जो लुईच्या वेळीं. मधलीं बावीस वर्षें त्या वर्णाच्या कोणासहि त्या पदासाठीं लढूंच दिलें नाहीं. लुईच्या चालकांनीं तर त्याला बजावून ठेविलें होतें कीं, पडलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर हंसूं नकोस. तेव्हां जॉन्सननें उघडलेलें दार त्याच्यामागें इतक्या जोरानें बंद झालें कीं, तें पुन्हां उघडण्यास दुसऱ्याला हंसणें सोडावें लागलें. हा दोष जॉन्सनचा नव्हे, त्याच्या देशाचा. पण वारसा मोजतांना दार उघडें राहिलें कीं नाहीं हें पाहावेंच लागतें.

जेफ्रीज पडला त्याच वर्षीं, दोनच महिन्यांनीं, लंडनमध्यें आमच्या पहिल्या वृद्धाचें दैवत उभें होतें. गामाविषयीं थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण त्याच्याभोंवतीं दंतकथांचें रान फार माजलें आहे आणि खरी गोष्ट त्या दंतकथांहून अधिक चटकदार आहे. गामा लंडनला गेला तेव्हां तेथील व्यवस्थापकांनीं त्याला प्रथम स्पर्धेंत घेतलेंच नाहीं. कारण काय? उंची कमी. साडेपांच फुटांहून दोन-तीन इंच अधिक इतकाच तो उंच होता. मग त्यानें जाहीर आव्हान दिलें, अमेरिकन मल्ल रोलर यास पाडलें, आणि १० सप्टेंबर १९१० रोजीं पोलंडच्या स्टानिस्लाउस झ्बिश्को याच्याशीं त्याची गांठ पडली. झ्बिश्को देहानें प्रचंड. पण गामाचा पहिला झपाटा पाहून तो पालथा पडला आणि बहुतेक सर्व वेळ मातीशीं नव्हे तर गादीशीं चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलथण्याची खटपट करीत होता. निकाल लागेना, पुढील आठवड्यास पुन्हां लढावें असें ठरलें, आणि त्या दिवशीं झ्बिश्को आलाच नाहीं. पुढें १९२८ च्या जानेवारींत पतियाळा येथें दोघे पुन्हां समोरासमोर आले तेव्हां मिनिट पुरें होण्याच्या आंत झ्बिश्कोची पाठ लागली.

आमच्या मित्राच्या कथेंत या दोन कुस्त्या एकत्र होऊन लंडनमध्येंच मिनिटाच्या आंत निकाल लागतो. आम्हीं त्यास खरें सांगितलें तेव्हां त्याला राग आला. वास्तविक खरी गोष्ट गामाच्या अधिक सन्मानाची आहे. अडीच तास पालथ्या पडून राहणें हीच झ्बिश्कोनें दिलेली कबुली होती, आणि अठरा वर्षांनीं, पन्नाशीला टेकलेल्या वयांत, गामानें ती कबुली पुन्हां घेतली. श्मेलिंग जसा लुईचा साक्षीदार, तसा झ्बिश्को गामाचा. हॅकेनश्मिट आणि गॉच हे त्या काळचे दुसरे दोन मोठे मल्ल. त्यांच्याशीं गामाची गांठ कधींच पडली नाहीं, म्हणून गामाचें माप घेण्यास आपल्याजवळ हा एकच मोठा गज आहे.

आणि वारसा? येथें आम्हांस गामाच्या भक्तांशीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. गामाची कीर्ति संस्थानिकांच्या आश्रयावर उभी होती. दतिया, पतियाळा यांच्या खजिन्यांतून त्याचा खुराक चालला. १९४७ नंतर संस्थानें गेलीं, देश दुभंगला, गामा लाहोरास राहिला आणि १९६० च्या मेमध्यें तेथेंच वारला. त्याची विद्या त्याच्या भावाच्या, इमामबक्षाच्या, मुलांत उतरली. भोलू आणि त्याचे भाऊ पुढें पाकिस्तानांत नांवाजले. म्हणजे विद्या घरांतच राहिली. आपल्या गाण्यांतहि घराणीं आहेत. पण अब्दुल करीमखांची गायकी सवाई गंधर्वांकडे गेली, त्यांच्याकडून भीमसेन जोशांकडे गेली, आणि रक्ताचा संबंध नसलेल्या माणसांच्या गळ्यांत राहूनच ती वाढली. मल्लविद्येंतील घराण्यास तें साधलें नाहीं. गामाची एक आठवण मात्र सरहद्दीच्या अलीकडे कायमची राहिली आहे, आणि ती इमारतीच्या रूपानें नव्हे, मातीच्या रूपानें: राजर्षि शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत बांधविलेल्या खासबाग मैदानांत, १९१२ सालीं, पहिली मोठी कुस्ती झाली ती त्याच इमामबक्षाची.

कोल्हापुरानें पुढें स्वतःचे मल्ल घडविले. एकसंब्याचे श्रीपति खंचनाळे १९५९ मध्यें बंतासिंगास हरवून पहिले हिंदकेसरी झाले; १९६० मध्यें गणपतराव आंदळकर; त्यानंतर कवठेपिरानचे मारुति माने. यांपैकीं आंदळकर आणि माने या दोघांनीं १९६२ मध्यें जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत जें केलें, तें आज ऐकतांना खोटें वाटावें. जड वजनांच्या दोन गटांत दोघांनीं मिळून दोन सुवर्ण आणि दोन रौप्य पदकें आणलीं. आंदळकरांनीं तर मोतीबाग तालमींत वस्ताद म्हणून पुढें कित्येक पिढ्या तयार केल्या. या तिघांत श्रेष्ठ कोण हा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. तो उकरण्यास कोल्हापूरकर समर्थ आहेत.

आम्हांस बोलावयाचें आहे तें आमच्या दुसऱ्या वृद्धाच्या दैवताविषयीं. हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे, म्हणजे आमच्याच मराठवाड्याचे. १९६९ मध्यें लातुरांत ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्यें एडिंबरो येथें राष्ट्रकुल स्पर्धेंत ८२ किलो वजनांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें, आणि १९७७ मध्यें बेळगांवच्या मैदानांत दिल्लीच्या सतपालास त्यांनीं चीत केलें. ही बेळगांवची कुस्ती म्हणजे आमच्या हॉटेलांतील रामायण. सतपाल त्या वेळीं उत्तरेंत सर्वांस भारी. देहानें बिराजदारांहून मोठा. निकाल लागला तेव्हां काय गर्दी झाली, फेटे कसे उडाले, याचें वर्णन आमच्या मित्राच्या तोंडून ऐकावें. दर वर्षीं गर्दी थोडी वाढते. पण मूळ गोष्ट खरी आहे, आणि ती अभिमानाचीच आहे.

मात्र येथेंच आम्हांस एक अप्रिय प्रश्न विचारावासा वाटतो. त्या दिवशीं बेळगांवांत हरलेल्या माणसानें पुढें काय केलें? सतपालनें १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत १०० किलो गटाचें सुवर्णपदक घेतलें, आणि मग छत्रसाल स्टेडियमवर शिकविण्यास आरंभ केला. त्या आखाड्यांतून सुशीलकुमार निघाला: ६६ किलो वजनांत २००८ मध्यें ऑलिंपिकचें कांस्य, २०१२ मध्यें रौप्य. योगेश्वर दत्त निघाला: ६० किलो, २०१२, कांस्य. रवि दहिया निघाला: ५७ किलो, टोकियो, रौप्य. मैदानाचा निकाल बिराजदारांच्या बाजूनें लागला. वारशाचा निकाल, निदान पदकांच्या भाषेंत, सतपालच्या बाजूनें झुकतो. हें लिहितांना आमच्या मराठी मनास कष्ट होतात, पण टीकाकारानें आपल्या प्रांताकडे पाहून तराजू धरूं नये.

असें कां झालें? बिराजदार शिकविण्यांत कमी होते असें कोणी म्हणूं नये. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत त्यांनीं आयुष्य वेंचलें. काका पवार यांच्यासारखे अर्जुन पुरस्कार मिळविणारे मल्ल त्यांच्या हाताखालून गेले. फरक गुरूंत नव्हता, गुरूभोंवतींच्या समाजांत होता. दिल्लीकडे आखाड्यांत गादी लवकर आली आणि पोरें लहानपणापासून वजनाच्या गटांत वाढलीं. आमच्याकडे मान एकच: खुल्या गटाची गदा. जत्रेंतील कुस्त्यांचा क्रम पाहावा. आरंभीं रेवड्यांवरच्या कुस्त्या पोरांच्या, मग शंभर-दोनशें रुपयांच्या, आणि सूर्य मावळतांना हलगीच्या कडकडाटांत शेवटची मोठी जोड. इनाम चढत जातें तसें वजन चढत जातें. साठ किलोचा मल्ल कितीहि चपळ असो, त्याची कुस्ती दुपारच्या उन्हांत, निम्मे लोक रसवंतीवर असतांना उरकते. ज्या समाजांत मान वजनावर मिळतो, तेथें हलक्या वजनाचा गुणी मुलगा वजन तरी वाढवितो, नाहीं तर लंगोट सोडतो.

आणि याच प्रांतास पहिलें ऑलिंपिक पदक कोणी आणून दिलें होतें? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं. १९५२ मध्यें, हेलसिंकी येथें, ५७ किलोपर्यंतच्या गटांत. १९४८ मध्यें लंडनला ते सहावे आले होते. हेलसिंकीस जाण्यास पैसे नव्हते. लोकवर्गणी करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. (प्राध्यापक मंडळींच्या कंजूषपणावर विनोद करणाऱ्यांनीं ही गोष्ट पाठ करावी.) स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक, दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. १९८४ मध्यें रस्त्यावरील अपघातांत खाशाबा वारले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनीं त्यांच्या नांवें दिला गेला. हिंदकेसरींचीं नांवें ज्या मुलांस मुखोद्गत होतीं, त्यांस खाशाबांचें नांव कित्येक वर्षें ठाऊक नव्हतें, हें आम्हीं स्वतः वर्गांत पडताळून पाहिलेलें आहे.

आतां तो प्रसंग. २०१६ च्या सुमाराची गोष्ट. हॅझ्लिटचा निबंध शिकवून आम्ही वर्गाबाहेर पडलों, तों दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतील एक मुलगा मागोमाग आला. ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांतला, तालमींत जाणारा, अंगानें सडसडीत, पण एकेरी पट काढण्यांत असा तरबेज कीं, त्याहून दीडपट वजनाचे गडी त्याच्याशीं जोड लावण्यास कांकूं करीत. आडतीच्या कांट्यावर तो दर पंधरा दिवसांनीं स्वतःस तोलून पाही, आणि कांटा साठाच्या आंतच राही. त्यानें विचारलें, "सर, बारक्या पैलवानाचं नाव कुणी काढतं का?" आम्ही त्या वेळीं घाईंत होतों. हॉटेलांतील पंचवीस वर्षांच्या वादांत आम्हीं एकाहि हलक्या मल्लाचें नांव ऐकलें नव्हतें, आणि खाशाबांचें नांव ओठांवर यावयास पाहिजे होतें तें आलें नाहीं. आम्हीं म्हटलें, "आधीं वजन वाढव, बाळ, मग पाहूं." वजन वाढविणें म्हणजे दूध, तूप, बदाम, कोयत्यावर जगणाऱ्या घरांत तें कोठून येणार, हा विचार आमच्या मनांत शिवला नाहीं. पुढील दिवाळीनंतर तो आई-बापांबरोबर तोडीस गेला, आणि परत आल्यावर तालमीकडे फिरकला नाहीं.

२०१८ च्या एप्रिलांत गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत राहुल आवारेनें ५७ किलो वजनांत सुवर्णपदक मिळविलें. राहुल आमच्याच बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा. वडिलांच्या हाताखालीं मातींत वाढलेला, मग पुण्यास बिराजदारांच्या तालमींत गेलेला, आणि त्यांच्यामागें काका पवारांपाशीं शिकलेला. बिराजदार २०११ मध्यें वारले होते. तें पदक राहुलनें आपल्या त्या गुरूंस अर्पण केलें. पुढील वर्षीं नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेंत, ६१ किलो वजनांत, त्यानें कांस्यपदकहि घेतलें.

ही बातमी वाचतांना आम्हांस जें दिसलें, तें याआधीं दिसावयास पाहिजे होतें. बेळगांवच्या मैदानांत एकमेकांस भिडलेल्या त्या दोन्ही जड मल्लांचा वारसा शेवटीं हलक्या वजनाच्या पोरांनीं वाहिला आहे. सतपालचा सुशीलनें, योगेश्वरनें, रविनें, बिराजदारांचा राहुलनें. गुरूचें वजन शिष्यांत उतरत नाहीं. उतरतो तो पकडीचा नेमकेपणा, श्वासाचा हिशेब, आणि पट केव्हां काढावा याची समज. वजनाच्या मापानें पाहिलें तर बिराजदारांची परंपरा गदेबरोबर थांबली असें वाटेल. गामाच्या बाबतींतहि ज्या गोऱ्या व्यवस्थापकांनीं त्याची उंची मोजून त्याला दारांत अडविलें, त्यांचा आणि आमचा गज एकच होता. आमच्या मित्रांनीं, आणि त्यांच्या संगतीनें आम्हीं, तो गज सिरसाळ्यांत आणून ठेविला, आणि एका मुलाला त्यानें मोजलें.

तो मुलगा आतां तिशीकडे झुकला आहे. ट्रॅक्टरवर चालक आहे; भेटला कीं आदरानें नमस्कार करतो. राहुलच्या पदकाची बातमी आम्हीं त्याला दाखविली, तेव्हां त्यानें ती दोनदां वाचली, घडी घालून परत दिली, आणि "पाटोद्याचा आहे व्हय," इतकेंच म्हटलें. आम्हीं क्षमा मागण्यासारखें कांहीं बोललों. त्यास तो जुना प्रसंग आठवत नव्हता, किंवा आठवत नाहीं असें त्यानें दाखविलें.

ही सारी विचारसरणी आम्हीं एके सायंकाळीं हॉटेलांत मांडून पाहिली. बिराजदारांचे भक्त प्रसन्न झाले, पण निराळ्याच कारणानें: आपल्या दैवताचा शिष्य सातासमुद्रांपलीकडे जिंकला, एवढेंच त्यांनीं त्यांतून घेतलें, आणि सतपालच्या शिष्यांचा भाग त्यांना ऐकूंच आला नाहीं. गामाचे भक्त बराच वेळ बशींतील चहाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं विचारलें, "किती किलो म्हणालात, सर?" आम्हीं म्हटलें, "सत्तावन्न." "आडतीवरचं पोतं तेवढं असतंय," ते म्हणाले, आणि पतियाळाच्या कुस्तीस नव्यानें आरंभ केला. या वेळीं मात्र ती लंडनला झाली नाहीं.